संध्याकाळची हजेरी

मंगळवार, ४ मार्च

"...आणि संध्याकाळी हजेरी झाली. आम्ही एकशे अकरा होतो," नेत्राने वाचलं.

"थांब," मी म्हणालो. "एकशे बारा."

"बाबा, इथे एकशे अकरा आहे."

"पान तीनवर एकशे बारा आहे. खोपटात एकशे बारा माणसं होती, असं बाईंनी स्वतः लिहिलंय. टाइप करताना बोट घसरलं असणार. एकशे बारा म्हण."

नेत्रा लॅपटॉपकडे वळून म्हणाली, एकशे बारा. लॅपटॉपने लिहिलं, एकशे बारा.

ही युक्ती नेत्राची. ऑफिस संपलं की पाच वाजता ती दाफिनाबाईंची पानं मोठ्याने वाचते आणि लॅपटॉप ऐकून टाइप करतो. मी शेजारी बसतो. चूक आली की थांबवतो. पुण्यात छापखान्यात चौतीस वर्षं मी हेच केलं. एकाने मूळ प्रत वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर डोळे ठेवायचे. तिथे वाचायला माझी बायको रत्ना असायची. इथे अमेरिकेत सून आहे.

दाफिनाबाई तळ्यापलीकडच्या घरात एकट्या राहतात. वय ब्याऐंशी. मूळच्या अल्बेनियाच्या. वडील सरहद्द ओलांडून पळाले, म्हणून राजवटीने मागे राहिलेल्या घरादाराला छावणीत नेलं. दाफिनाबाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. चार वर्षं तिथे काढली. अमेरिकेत आल्यावर त्यांनी ते टाइपरायटरवर लिहून काढलं. ब्याण्णव पानं, इंग्रजीत, एकच प्रत. सेंट पॉलची एक संस्था अशा आठवणी जपून ठेवते आहे. तिला ३१ मार्चपर्यंत फाइल हवी आहे. बाईंना आता भिंग लावूनही नीट दिसत नाही.

नेत्रा म्हणाली, आधी मूळ पानं स्कॅन करून ठेवू या. मी म्हटलं, कशाला? नवी प्रत तर करतोच आहोत.

चहा केला. दोन कप झाला. एक सिंकमध्ये ओतला.

गुरुवार, ६ मार्च

सुशांतने काल जेवताना विचारलं, "बाबा, तुम्ही दिवसभर हेच वाचता? कॅम्प, उपासमार, टॉर्चर? काहीतरी लाइट वाचा ना यार."

मुलगा बापाला यार म्हणतो. मला राग आला नाही. मी त्याला म्हटलं, या पुस्तकांत विशेषणं नसतात. ज्यांनी खरोखर सोसलं ते 'भयंकर' असं लिहीत नाहीत. ते लिहितात, पाव किती होता आणि बूट कोणी चोरले. तो म्हणाला, ओके.

तीन महिन्यांत लायब्ररीतून अशी सहा पुस्तकं आणली. निरनिराळे देश, निरनिराळी माणसं. सगळ्यांनी छावण्यांत वर्षं काढलेली. दाफिनाबाई त्याच कपाटापाशी भेटल्या. भिंगातून पुस्तकाची पाठ वाचत होत्या. माझ्या हातातलं पुस्तक बघून म्हणाल्या, "हे चांगलं आहे. त्याच्या शेजारचं घेऊ नका. तो माणूस फार रडतो." मग विचारलं, "तुम्ही का वाचता?" मी विशेषणांचं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली. पुढच्या आठवड्यात त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. आत ब्याण्णव पानं.

एक गोष्ट इथेच लिहिता येईल. ही पुस्तकं वाचली की मला बरं वाटतं. तिकडे माणसं बटाट्याच्या सालीसाठी भांडतात. मी पुस्तक मिटतो आणि वरणभात खातो. रत्ना गेल्यापासून दोन वर्षांत लागला नव्हता इतका चांगला लागतो. हे बरोबर आहे का, ठाऊक नाही.

आज पान सतरापर्यंत. चहा दोन कप झाला.

रविवार, ९ मार्च

घड्याळं एक तास पुढे केली. तळ्याचा बर्फ काठाशी करडा झाला आहे.

पान तीस. मजकूर चांगला आहे. वाक्यं आखूड. पण दोन दोष.

पहिला. दहाव्या पानापर्यंत धाकटा भाऊ जागोजाग येतो. चार वर्षांचा, बुटाला दोरी बांधून त्याला गाडी म्हणतो. पुढे कुठेच नाही. त्याचं काय झालं, ते लिहायला हवं होतं. लेखिका त्याला विसरली. पण मांडणी हा माझा प्रांत नव्हे.

दुसरा. दर दोन पानांनी तेच वाक्य: संध्याकाळी हजेरी झाली, आम्ही इतके होतो. आणि आकडा दर वेळी वेगळा.

"बाबा, आता एकशे नऊ आहे," नेत्रा म्हणाली. "आणि परवा एकशे चौदा होतं. मध्येच वाढलंय."

"म्हणजे बघ. बाईंचं आकड्यांशी जमत नाही."

"आपण त्यांना विचारू या का?"

"तुझ्या सासूबाईही हेच म्हणायच्या. समासात पेन्सिलीने लिहून ठेवायच्या, लेखकाला विचारा. दर पानाला लेखकाला विचारा. एकेका पुस्तकाला सहा सहा महिने लागायचे."

"आईंची पुस्तकं बिनचूक निघायची, असं सुशांत म्हणतो."

"सुशांत तेव्हा शाळेत होता."

ती हसली. मी सांगितलं, हजेरी आली की सरळ एकशे बारा म्हणत जा. आकडा बघूसुद्धा नकोस. एका पुस्तकात एका गोष्टीचा एकच आकडा असावा.

"तुम्ही म्हणाल तसं," नेत्रा म्हणाली.

चहा केला. दोन कप.

शुक्रवार, १४ मार्च

होळी. बाहेर पुन्हा चार बोटं बर्फ. पुरणपोळी इंडियन स्टोअरची, गोठवलेली. वाईट नव्हती.

सुरुवातीला नेत्रा ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलते तशी वाचायची. आता तसं नाही. वाक्य संपलं की जरा थांबते. मी पाच वाजायची वाट बघतो. सुशांत म्हणाला, तुम्ही दोघं एवढं बोलता हे मला माहीतच नव्हतं. आम्ही बोलत नाही. वाचतो. पण त्याचं ऐकून बरं वाटलं.

शनिवार, २२ मार्च

काम संपलं. सकाळी छापील प्रत दोनदा वाचली. एकदा पुढून, एकदा मागून. मागून वाचलं की डोळा अर्थात गुंतत नाही, चुका दिसतात. एकही राहिली नाही. हजेरी त्रेचाळीस वेळा येते. त्रेचाळीसही ठिकाणी एकशे बारा.

मग रीतीप्रमाणे जुनी पानं नष्ट केली. छापखान्याचा नियम होता, अंतिम प्रूफ पास झालं की जुनं त्याच दिवशी फाडायचं. नाहीतर खिळे जुळवणारा जुळारी चुकून जुनंच लावतो आणि केलेली दुरुस्ती पाण्यात जाते. इथे नेत्राचं कागद कापायचं यंत्र आहे. त्याला एका वेळी सहा पानं झेपतात. सोळा वेळा भरलं. कागद जुना, पिवळा, पटकन गेला. खाली पिशवीत शेवयांसारखा ढीग झाला.

डबा पुसला. रिकामा परत द्यायचा नाही, म्हणून दुपारी शंकरपाळे केले. मोहन जरा जास्त झालं, पण खुसखुशीत आहेत.

बऱ्याच दिवसांनी हाताला काम होतं आणि ते पुरं झालं. आज समाधान आहे. चहाही चांगला झाला होता. दोन कप.

सोमवार, २४ मार्च

तळ्याच्या कडेने चालत गेलो. एका बगलेत फाइल, दुसऱ्या हातात डबा. दाफिनाबाई दारातच उभ्या होत्या.

त्यांनी आधी डबा घेतला. झाकण उघडलं आणि आत बघत राहिल्या. शंकरपाळ्यांमध्ये दोन बोटं घालून तळापर्यंत नेली. मी म्हटलं, आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. त्यांनी मान हलवली. माणूस भारावतो तेव्हा असाच गप्प होतो.

मग फाइल उघडली. भिंग घेऊन खिडकीशी बसल्या. पान तीन वाचलं. मग थेट पान अकरा. मग पंधरा, मग एकोणीस. पानं कुठे उलटायची ते त्यांना पाठ होतं. मला तळ्याकडे बघत बसावं लागलं. बदकं आली आहेत.

"आकडे," त्या म्हणाल्या.

"हो. सगळे सारखे केले. तुमच्याकडून मागेपुढे झाले होते."

त्यांनी भिंग मिटलं. म्हणाल्या, "मिस्टर रवींद्र, तुम्ही चांगले आहात. तुम्ही सगळ्यांना परत आणलंत."

त्यांच्या इंग्रजीत कौतुक असंच करत असतील. मी म्हटलं, माझं कामच आहे ते. त्यांनी डोंगरी पाल्याचा चहा दिला. कडू होता. मी पूर्ण प्यायलो.

मंगळवार, २५ मार्च

जेवताना कालचं सगळं सांगितलं. डबा, खिडकी, पानं उलटणं. त्या काय म्हणाल्या तेही.

नेत्राने हातातला घास ताटात ठेवला.

"बाबा, परत आणलंत म्हणजे?"

"म्हणजे आकडे. मूळ आकडा परत आणला."

"आकडे नाही म्हणाल्या त्या. सगळ्यांना म्हणाल्या." ती माझ्याकडे बघत नव्हती. "एकशे अकरा, एकशे नऊ. एकशे तीन पण होतं पुढे. आकडा कमी का होत होता, बाबा?"

मी सहा पुस्तकं वाचली आहेत. सहाही पुस्तकांत हजेरी आहे.

सुशांत म्हणाला, "इट्स ओके, ओरिजिनल बघून चेंज करू ना. एका तासाचं काम आहे. कुठे आहेत पानं?"

मी सांगितलं.

"श्रेड केलं? बाबा, ओरिजिनल श्रेड केलं? एकच कॉपी होती ना? सीरियसली, कोण करतं असं?"

"सुशांत," नेत्रा म्हणाली. "पुरे."

पिशवी गॅरेजमध्ये होती. तिथे जाऊन बसलो. कातरलेल्या एका पट्टीवर एक अक्षर मावतं, कधी दीड. अर्ध्या तासाने नेत्रा माझं जाकीट घेऊन आली. पट्ट्या मुठीतून तिने काढून घेतल्या. म्हणाली, "मी पण बारा म्हणत गेले. मी थांबायला हवं होतं."

तिचा काहीही दोष नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

बुधवार, २६ मार्च

दाफिनाबाईंना दारातच सांगितलं. आत बोलावलं असतं तर कदाचित सांगता आलं नसतं.

"पानं नाहीत?"

"नाहीत."

"एकही?"

"एकही नाही."

त्या म्हणाल्या, "तिथे हजेरीत खोटा आकडा सांगितला तर सगळ्यांना पुन्हा उभं करायचे. बर्फात. मी खोटी हजेरी देणार नाही. संस्थेला कळवा, माझ्याकडून काही येणार नाही."

दार आपटलं नाही. हळूच लावलं.

परत येताना बर्फावरून घसरलो. लागलं नाही. चहा दोन कप झाला. दोन्ही ओतले.

गुरुवार, २७ मार्च

आज पाच दिवस उशिराने मुद्रितशोधकाचं काम केलं.

पोस्टकार्डाएवढे त्रेचाळीस कागद कापले. प्रत्येकावर हजेरीचं वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्याच्या आधीची एक-दोन वाक्यंही, म्हणजे दिवस ओळखता येईल. आकड्याची जागा कोरी ठेवली. तिच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. खाली, लेखकाला विचारा. हे मराठीतच लिहिलं. हात थांबला नाही.

रत्नाचं 'ख' सुटं सुटं असायचं, 'र' आणि 'व' शेजारी शेजारी उभे केल्यासारखं. माझंही आज तसंच आलं.

पाकीट दाफिनाबाईंच्या दाराशी ठेवलं. घंटा वाजवली नाही.

शनिवार, २९ मार्च

काल काही नाही. आज दुपारी दाफिनाबाईंचा फोन आला, मला नाही, नेत्राला. उद्या येते म्हणाल्या. आणखी काही नाही. नेत्राने त्यांना जेवायलाच बोलावलं. परवा ३१ तारीख आहे.

रविवार, ३० मार्च

पाडवा. मागच्या डेकवर गुढी उभारली. काठी म्हणून पाचोळा ओढायच्या दांड्याचा उपयोग केला. कडुनिंब मिळाला नाही, नेत्राने कढीपत्ता बांधला. शेजारच्या माणसाने कुंपणावरून विचारलं, आज कोण जिंकलं? सुशांतने सांगितलं, न्यू इयर. तो म्हणाला, अगेन?

अकरा वाजता दाफिनाबाई आल्या. हातात पत्र्याचा डबा.

"रिकामा परत करत नाहीत ना तुमच्याकडे," त्या म्हणाल्या आणि तो माझ्यापुढे ठेवला. आत माझे त्रेचाळीस कागद. कोरे, जसेच्या तसे.

"मला लिहायला दिसत नाही. तुम्ही विचारा. ही लिहील." ही म्हणजे नेत्रा. "आणि हे खाली काय लिहिलंय?"

मी सांगितलं, लेखकाला विचारा.

"मग आधी का नाही विचारलंत?"

"वाटलं, मला कळतं."

"हं," त्या म्हणाल्या. "तिथला अधिकारीही असाच बोलायचा." सुशांत हसायला लागला आणि मध्येच थांबला. त्या हसत होत्या की नाही, ते मला नक्की कळलं नाही.

खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. मोजायचं तर उभं राहून, म्हणाल्या. खोपटाची प्रमुख म्हातारी होती, तिला संध्याकाळी दिसत नसे. म्हणून मोजायचं काम नऊ वर्षांच्या दाफिनाकडे. पाच पाच जणांच्या रांगा. आकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून, सगळे उभे. "म्हणून मी चुकत नव्हते. मिस्टर रवींद्र, माझं आकड्यांशी जमतं."

हे शब्द मी फक्त नेत्रापाशी बोललो होतो. नेत्राकडे पाहिलं. तिने लॅपटॉपकडे पाहिलं.

पहिला कागद उचलला. पान अकरा.

मी वाचून संपवायच्या आत नेत्रा म्हणाली, "एकशे अकरा. मी वाचलं होतं."

दाफिनाबाईंनी तिच्याकडे मान वळवली. "हो. एकशे अकरा. तो माझा भाऊ. बुटाची गाडी."

नेत्राने आकडा टाइप केला. या वेळी बोटांनी.

पुढे असंच. मी कागद वाचायचो. दाफिनाबाई जेवणाच्या खुर्च्यांच्या पाठींवर हात ठेवत चालायच्या, डोळे मिटून, ओठ हलवत. एक रांग, दुसरी रांग. कुठे थांबायच्या, कोणीतरी असायला हवं होतं तिथे. मग आकडा सांगायच्या आणि माणूसही सांगायच्या. एका आकड्याला त्यांचा चेहरा उजळला. "जुळी झाली होती. आणि दुसऱ्या खोपटातून एक बाई आली. एकशे चौदा! मोजताना मला इतकी मजा आली की मी पुन्हा एकदा मोजलं." मी विचारलं, जुळी किती दिवस? "अकरा."

नावंही लिहून घेऊ का, विचारलं. "नको. नावं त्यांच्या घरच्यांची. मी फक्त मोजणारी होते. तुम्ही ऐका."

ऐकली. इथेही लिहीत नाही.

तीन कागदांना आकडा मिळाला नाही. त्या आठवड्यात त्यांना ताप होता, दुसऱ्या कोणीतरी मोजलं. पूर्वी अंदाजाने घातले होते, म्हणाल्या. आता घालणार नाही. मी पुढचा-मागचा आकडा बघून सुचवू शकलो असतो. सुचवलं नाही. तीन जागा कोऱ्या ठेवल्या.

दोन वाजता जेवायला बसलो. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी. मी आग्रह केला नाही, नेत्राने केला. दाफिनाबाईंनी सात पुऱ्या खाल्ल्या. उरलेल्या दोन पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये ठेवल्या. आम्ही तिघंही दुसरीकडे बघत होतो. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "चोरत नाहीये. सवय आहे."

मग मी त्यांना विचारलं, जे फक्त या वहीत लिहिलं होतं ते. म्हटलं, तुमच्यासारख्यांची पुस्तकं वाचून मला जेवण गोड लागतं. हे वाईट आहे का?

"गोड लागायलाच हवं," त्या म्हणाल्या. "नाहीतर आम्ही एवढं लिहिलं कशाला? अजून भाजी आहे?"

सोमवार, ३१ मार्च

सकाळी पूर्ण प्रत पुन्हा वाचली. या वेळी मागून नाही, पुढूनच. भाऊ पान दहानंतर येत नाही. तिथे काही घालायची गरज नाही.

दुपारी फाइल पाठवली. सुशांतने पाच ठिकाणी तिची नक्कल ठेवली आहे आणि कुठे कुठे ते मला कागदावर लिहून दिलं आहे. दोन चाळीसला संस्थेचं उत्तर आलं, मिळालं. नेत्राने छापील प्रत काढली. ती पत्र्याच्या डब्यात बसवून नेऊन दिली. दाफिनाबाईंनी झाकण उघडून आत बघितलं, दोन बोटं तळापर्यंत घातली आणि डबा मांडीवर ठेवून बसल्या. मग विचारलं, "ते गोड चौकोनी पुन्हा कधी करणार?"

तळ्याचा बर्फ मधोमध फुटला आहे.

पाच वाजता मी आणि नेत्रा सवयीने टेबलाशी येऊन बसलो. वाचायला काही नव्हतं. मी चहा केला.

"बाबा," तिने विचारलं, "तुम्ही रोज दोन कप का करता?"

"पाणी अंदाजाने घेतो. जास्त होतं."

"अंदाज फार पक्का आहे तुमचा. रोज बरोबर दोनच होतात."

मी म्हटलं, भांडंच तेवढं आहे.

मंगळवार, १ एप्रिल

सकाळी सातला चहा केला. दोन कप झाला. नेत्रा खाली आली आणि दुसरा कप घेऊन माझ्यासमोर बसली. साखर कमी आहे म्हणाली.